अर्ध्या कोयत्याचा हिशेब

कामाच्या ठिकाणी बाईला पुरुषापेक्षा कमी मिळतं का, हे तपासायची एक सरळ रीत आहे. दोघांचं काम सारखं आहे ना ते बघायचं, दोघांच्या पगाराच्या पावत्या शेजारी-शेजारी ठेवायच्या आणि वजाबाकी करायची. बँकेत, गिरणीत, सॉफ्टवेअर कंपनीत ही वजाबाकी जमते. शेतमजुरीतही जमते, खुरपणीला बाईचा रोज किती आणि फवारणीला गड्याचा किती, हे गावात कुणालाही तोंडपाठ असतं. पण महाराष्ट्रात लाखो बायका जिथे राबतात असं एक ठिकाण आहे, जिथे ही वजाबाकी मांडली तर उत्तर शून्य येतं. बाई-पुरुषाच्या दरात तिथे एका रुपयाचाही फरक नाही. बाईचा म्हणून वेगळा दरच नसेल, तर फरक यायचा कुठून? हे ठिकाण म्हणजे उसाचा फड.

ऊसतोड बायकांबद्दल गेल्या काही वर्षांत बरंच छापून आलं आहे, आणि ते बहुतेक गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल आहे. त्या विषयाकडे पुढे येऊच. पण शस्त्रक्रिया हे या गोष्टीचं शेवटचं टोक आहे. सुरुवात होते ती हिशेबापासून, म्हणून आधी तो नीट बघू: पैसे कोण कुणाला देतं, कोणत्या मापाने देतं आणि त्या मापात बाई कुठे बसते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या तालुक्यांतून आणि शेजारच्या पाथर्डी, जामखेड, परभणी, जालना भागातून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं निघतात. पत्रे, ताडपत्री, चूल, पाण्याच्या टाक्या, बाजरी, शेळ्या, कोंबड्या आणि मागे ठेवता न येणारी मुलं, असा सगळा संसार गाडीत असतो. कुणी कोल्हापूर-सांगलीला उतरतं, कुणी साताऱ्याला, सोलापूरला, पुण्याला, तर कुणी थेट बेळगाव-बागलकोटला. राज्यात हंगामाला दोनशेच्या आसपास साखर कारखाने गाळप करतात आणि त्यांचा ऊस मुख्यतः ही माणसं तोडतात. ती किती आहेत याचे अंदाज दहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत सांगितले जातात. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात पावसावरची एक-दोन एकर जमीन, नाहीतर तीही नाही. 1972 च्या दुष्काळाने ही वाट रुळली ती आजतागायत. त्यात वंजारी आहेत, तांड्यावरचे बंजारा आहेत, दलित आहेत. आणि जवळपास निम्म्या बायका आहेत. हे ‘निम्म्या’ नुसत्या अंदाजाने म्हणत नाही, या धंद्याचं मापच तसं आहे.

या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ‘माझ्याकडे बारा कोयते आहेत’ असं टोळीचा मुकादम म्हणतो तेव्हा त्याच्याकडे चोवीस माणसं असतात. एकटा आलेला तो अर्धा कोयता. आगाऊ मिळणारी उचल जोडीला, हजेरी जोडीची, हिशेबही जोडीचा. कारखान्याच्या दृष्टीने तर कोयत्यालाही फारसा अर्थ नाही. त्याच्या काट्यावर येतो तो टनात मोजलेला ऊस. म्हणजे बाई दोनदा झाकली जाते, एकदा जोडीमागे आणि मग टनामागे.

पैशाची वाट अशी आहे. कारखाना थेट मजुराशी करार करत नाही. तो करार करतो तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी, म्हणजे बहुधा ज्याचा ट्रक किंवा ट्रॅक्टर आहे त्याच्याशी. स्टॅम्प पेपर, नोटरी, बँकेचं कर्ज हे सगळं याच पातळीवर होतं. ठेकेदार मुकादमाला रक्कम देतो. मुकादम बहुतेक वेळा त्याच भागातला, कधी भावकीतला, कधी स्वतः एके काळी कोयता चालवलेला माणूस. तो पावसाळ्यात, घरात दाणे संपत आलेले असताना, जोड्यांना उचल वाटतो. उचल म्हणजे येणाऱ्या हंगामाच्या मजुरीतली आगाऊ रक्कम. पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त. ती घेतो नवरा. अंगठा किंवा सही त्याची. लग्न, घराची भिंत, दवाखाना, आधीच्या वर्षीची राहिलेली बाकी, असं तिचं काय करायचं हेही बहुधा तोच ठरवतो. ती फेडायची मात्र दोघांनी, चार-पाच महिने, दुसऱ्याच्या मुलखात.

आता आकडे मांडून बघू. तोडणीचा दर कारखान्यांचा संघ आणि मजूर संघटना यांच्यातल्या तीन वर्षांच्या कराराने ठरतो. 2020 च्या करारात 14 टक्के वाढ झाली. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ मान्य झाली आणि टनाला 273 रुपयांचा दर 366 रुपयांच्या आसपास गेला. मुकादमाच्या कमिशनमध्येही एक टक्का वाढ झाली. वाहनाच्या प्रकाराप्रमाणे आणि अंतराप्रमाणे दर थोडा खाली-वर होतो, पण उदाहरणाला 366 पुरे.

समजा एका जोडीने लाख रुपये उचल घेतली. 366 रुपयांनी लाख फिटायला 273 टन ऊस तोडावा लागतो. तगडी जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरलं, तर 137 दिवस झाले. साडेचार महिने, एकही सुट्टी नाही. पावसाने फड भिजला नाही, गाडी बंद पडली नाही, पोर तापाने फणफणलं नाही, असं सगळं जुळून आलं तर. शिवाय बाजारहाटासाठी दर आठवड्या-पंधरवड्याला मुकादमाकडून खर्ची घ्यावीच लागते, ती उचलीत जमा होत जाते. आणि हंगाम साडेचार महिने चालेल याची हमी कोण देणार? 2024-25 मध्ये ऊस कमी होता, तेव्हा अनेक कारखान्यांची धुराडी शंभर दिवसांच्या आतच थंडावली. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

दोन टनांचे 732 रुपये. दोघांत वाटले तर माणशी 366. कागदावर याहून समान वाटणी सापडणार नाही. अडचण एवढीच की ही वाटणी कुणी करतच नाही. 732 रुपये एकाच ओळीत, एकाच नावावर जमा होतात. त्यातले 366 माझे आहेत असं सांगायला बाईजवळ चिटोरंही नसतं.

ती करते काय ते बघू. फडातला दिवस सूर्याच्या आधी सुरू होतो आणि बाईचा त्याच्याही आधी. तीन-चारला उठून चूल पेटवायची. सकाळ-दुपारच्या भाकरी एकदमच थापून घ्यायच्या, कारण मध्ये परत यायला सवड नाही. पाणी आणायचं, कधी विहिरीवरून, कधी शेतकऱ्याच्या मोटारीवरून, तो चालू करेल तेव्हा. बैलगाडी असेल तर बैलांचं शेण काढायचं. निजलेलं पोर उचलून फडाच्या कडेला साडीच्या झोळीत टाकायचं. उजाडायच्या आत फडात.

ऊस तोडणं म्हणजे नुसते कोयत्याचे घाव घालणं नाही. ऊस जमिनीलगत तोडायचा, कारण साखर बुडख्याकडे जास्त असते. बोटभर बुडखा राहिला तरी कारखान्याचा चिटबॉय बोलतो. मग पाचट सोलायचं. शेंड्याचं वाढं छाटायचं. साफ केलेला ऊस एका अंगाने लावत जायचा. वाढ्याच्याच पानांना पीळ देऊन दोर करायचा आणि मोळी आवळायची. पाचटाच्या कडा करवतीसारख्या असतात, म्हणून बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात, बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतात. बुडात घाव घालायचं काम जास्त करून पुरुषाकडे, सोलणं-वाढे छाटणं-मोळ्या बांधणं जास्त करून बाईकडे, अशी ढोबळ वाटणी दिसते. पण ती पक्की नाही. नवरा गाडीच्या मागे गेला की बाई कोयता घेतेच.

मग भरणी. ट्रॅक्टरची ट्रॉली फडात येते ती तिच्या वेळेला, संध्याकाळी सात वाजता नाहीतर रात्री अकरा वाजता. ट्रॉलीला फळी लावतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर तीस-चाळीस किलोची मोळी, अशी बाई त्या फळीवरून चढते, वर टाकते, उतरते, पुन्हा वाकते. ट्रॉली भरत जाते तशी उंची वाढते आणि फळी उभी होत जाते. शेवटच्या थरापर्यंत पोचताना पायाखाली वीतभर रुंदीचं लाकूड असतं आणि उजेड बॅटरीचा. पोटुशी बाई हे काम दिवस भरत आले तरी करते, याला फडात कुणी बातमी म्हणत नाही.

यातलं तोडणं, सोलणं, बांधणं, वाहणं टनात मोजलं जातं. स्वयंपाक, पाणी, सरपण, धुणं, पोरं, जनावरं हे मोजलं जात नाही. हे काही उसाच्या फडाचंच वैशिष्ट्य नव्हे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात आणि पुरुष 97 मिनिटं, असं आढळलं होतं. पण ऑफिसला जाणारी बाई घरचं उरकून कामावर जाते, तेव्हा ऑफिस आणि घर यांच्या मध्ये निदान एक रस्ता असतो. इथे कोपीच्या, म्हणजे तात्पुरत्या खोपटाच्या, दारातच फड आहे. आणि नीट बघितलं तर घरकाम हा या धंद्याचा छुपा कच्चा माल आहे. जोडी नेली म्हणजे मुकादमाला भाकरीची सोय वेगळी करावी लागत नाही, माणूस अर्ध्यातून गाव गाठत नाही, रात्री-अपरात्री ट्रॉली आली तरी चार हात तयार मिळतात. निव्वळ पुरुषांच्या टोळ्या नेऊन हे सगळं विकत घ्यायचं ठरलं, तर 366 रुपये टनात भागणार नाही. कारखानदारीला जोडीच का लागते, याचं उत्तर माझ्या मते इथे आहे. ‘बायका सोलायला हुशार’ हे कारण नंतर चिकटवलेलं आहे.

रोख पैसा बाईच्या हातात येतो तो एकाच मार्गाने. छाटलेल्या वाढ्यांच्या पेंढ्या बांधून त्या गाई-म्हशीवाल्यांना विकायच्या. चारा म्हणून त्यांना मागणी असते. हा व्यवहार पुष्कळदा बायका करतात आणि त्या पैशांत मीठ-मिरची, साबण, पोरांचा खाऊ निघतो. साखर कारखान्याच्या एवढ्या मोठ्या उलाढालीत बाईच्या मुठीत येणारी कमाई ती एवढी, आणि तीही कारखान्याकडून आलेली नसते.

आता खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड. बाहेरून बघणाऱ्याला हा नुसता मुकादमाचा जुलूम वाटतो. त्याचं गणित समजून घेतलं तर तो जास्त अवघड आहे. टोळीत बारा कोयते असतील तर ट्रॉली बारा जोड्यांनी मिळून भरलेली असते. टनांचा हिशेब बारा सारख्या वाट्यांत होतो. एक कोयता आला नाही तर त्याच्या वाट्याचा ऊस उरलेल्या अकरांना तोडावा लागतो. म्हणून न आलेल्याच्या नावावर खाडा पडतो, दिवसाला पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त. दिवसाची कमाई बुडते ती वेगळीच. म्हणजे खाड्यामागे मुकादमाच्या जोडीला अकरा शेजाऱ्यांची नजरही असते. आजारी बाईला ‘बस आज’ म्हणणारी शेजारीण संध्याकाळी तिच्या वाट्याच्या मोळ्या वाहणार असते. दवाखान्यात जायचं तर दोघांना जावं लागतं, कारण मुलूख परका, वाहन नाही. एका बाईच्या दुखण्यात आख्खा कोयता बुडतो. पुरुष आजारी पडला तरी नियम हाच आहे. फरक असा की महिन्याची पाळी, गर्भपात, बाळंतपण, अंगावरून जाणं ही दुखणी त्याच्या वाट्याला येत नाहीत. नियम सारखाच, पण त्याचा भार कुठे पडणार हे आधीच ठरलेलं.

फडात संडास नसतो. आंघोळीला चार साड्यांचा आडोसा, तोही अंधारात. पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला जागा नाही, धुवायला पुरेसं पाणी नाही, वाळत घालायला उन्हातली जागा नाही. संसर्ग होणारच. पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते. हंगामात अंगावर काढायचं आणि गावी परतल्यावर खासगी दवाखाना गाठायचा. तिथे सोनोग्राफी होते आणि सांगितलं जातं, पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होऊ शकतो, काढून टाका. बाईचं लग्न सतराव्या-अठराव्या वर्षी झालेलं, पंचविशीत दोन-तीन मुलं आणि बहुधा नसबंदीही झालेली. पिशवीचा आता उपयोग काय, असा विचार घरात होतो. शस्त्रक्रियेला पैसे कुठून? उचलीतून.

2019 साली हे राज्यभर गाजलं. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांच्या पाहणीत 13,861 जणींचं गर्भाशय काढल्याचं आढळलं. म्हणजे दर सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या, म्हणून आकड्याला आकडा लावून ताणू नये. तरी अंतर डोळ्यांआड करता येण्याजोगं नाही. त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली गेली, हंगामाआधी आणि नंतर आरोग्य तपासणीची शिफारस झाली.

तेव्हाच्या बातम्यांचा सूर असा होता की मुकादम गर्भाशय असलेल्या बाईला कामच देत नाहीत. असं एखाद्या ठिकाणी झालंही असेल. पण मला हे स्पष्टीकरण सोयीचं वाटतं. त्यात एक खलनायक मिळतो आणि बाकीचे सुटतात. प्रत्यक्षात कुणीही हुकूम सोडायची गरज नाही. संडास नसणं, खाडा असणं, उचल बाकी असणं, डॉक्टरने भीती घालणं आणि मूल झालं म्हणजे पिशवीचं काम संपलं असं घराने मानणं, हे सगळं एकाच बाईपाशी एकत्र आलं की ती आपण होऊन ऑपरेशनच्या टेबलावर जाते. विचारलं तर ‘मीच ठरवलं’ असंही सांगते, आणि ते खोटं नसतं.

कोयत्याचं माप घरापर्यंतही पोचतं. पोरगा सतरा-अठराचा झाला, बापाबरोबर तोडायला लागला, तर तो अर्धा कोयता. त्याचं लग्न झालं की घरात दुसरा पूर्ण कोयता येतो आणि त्यावर वेगळी उचल. पोरीच्या बाजूनेही हिशेब आहेच: आई-बाप हंगामभर बाहेर, वयात आलेली मुलगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची? 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयाच्या ज्या बायकांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, त्यांचं प्रमाण राज्यात 22 टक्के होतं आणि बीडमध्ये 44. बालविवाहाला अज्ञान आणि रूढी ही कारणं आहेतच, पण एका लग्नाने उचल दुप्पट होत असेल तर रूढीला दोष देऊन भागत नाही. आणि जिची जोडी मोडली तिची गत उलटी. विधवा किंवा टाकलेली बाई अर्धा कोयता होऊन मुकादमाकडे गेली तर तिला उचल सहजी मिळत नाही. भाऊ, बाप, हाताशी आलेला मुलगा, कुणीतरी पुरुष जोडीला दाखवावा लागतो. तो नसेल तर चारचौघींएवढंच काम येत असूनही तिच्यावर पैसे लावायला मुकादम बिचकतो.

कायदे नाहीत असं मुळीच नाही. समान कामाला समान वेतनाचा कायदा 1976 मध्ये झाला आणि नंतर तो 2019 च्या वेतन संहितेत सामावला. पण तो बाईच्या आणि पुरुषाच्या मजुरीची तुलना करतो. तुलनेला दोन आकडे लागतात, इथे एकच आहे. प्रसूती लाभाच्या 1961 च्या कायद्यात 2017 पासून 26 आठवड्यांपर्यंतची भरपगारी रजा आली. अट अशी की आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे निदान 80 दिवस काम केलेलं असावं. ऊसतोड बाईचे ऐंशीच्या वर दिवस एका हंगामात भरू शकतात. भरल्याचं लिहिलेलं कुठे आहे? आणि मालक कोण? कारखाना ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार मुकादमाकडे, मुकादम म्हणतो मी तर कमिशनवर काम करणारा माणूस. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात असंघटित बायकांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समितीची तरतूद आहे. पण अत्याचार सांगली जिल्ह्यातल्या फडात, बाई धारूरची, आणि चौकशी उभी राहीपर्यंत टोळी पुढच्या गावाला नाहीतर थेट घरी.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्याला कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये आणि तेवढीच रक्कम सरकारकडून, अशी निधीची व्यवस्था ठरली. ग्रामसेवकामार्फत मजुरांची नोंद करून ओळखपत्रं द्यायची, मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं काढायची, असं काम सुरू झालं. यातली ओळखपत्राची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण ते प्रत्येकीला तिच्या स्वतःच्या नावाने मिळू शकतं. जोडीला आधार कार्ड नसतं, माणसाला असतं.

महिला किसान अधिकार मंच आणि बीडमधल्या महिला ऊसतोड कामगारांच्या संघटना कित्येक वर्षं हेच मागत आल्या आहेत: बाईची स्वतंत्र नोंद, उचलीच्या करारावर तिचीही सही, मजुरीचा तिचा हिस्सा तिच्या खात्यात. ही मागणी ऐकली की दोन आक्षेप लगेच येतात. पहिला घरातूनच येतो, आणि तो फक्त पुरुषांचा नसतो. घर एक, चूल एक, कर्ज एक, मग हिशेब दोन कशाला? नवराही काही सावकार नाही, त्याचीही पाठ त्याच मोळीखाली मोडते. हे खरंच आहे. पण घर एक असल्याचा आधार धरून उचल एका सहीवर सुटते आणि फेडायची वेळ आली की मात्र ती दोघांची होते. नवरा दारूत पैसा उडवतो किंवा मरतो किंवा निघून जातो, तेव्हा बाकी बायकोच्या अंगावर राहते आणि तिने केलेलं काम मात्र कुणाच्याच वहीत नसतं. अशा दिवशी हिशेब दोन का हवे होते, हे घरालाही कळतं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. एवढ्या लाखो माणसांची वेगवेगळी नोंद ठेवणार कोण? याला महाराष्ट्राने स्वतःच उत्तर देऊन ठेवलं आहे. ज्या 1972 च्या दुष्काळाने माणसं उसाकडे लोटली, त्याच दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर पसरली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध. तिथेही नवरा-बायको बरोबरच कामाला जात. दर कामाच्या मापाने, बाई-पुरुष सारखाच. पण हजेरीपटावर बाईचं नाव तिच्या ओळीत. पुढे केंद्राच्या योजनेत मजुरी ज्याच्या त्याच्या बँक खात्यात जाऊ लागली. त्या हजेरीपटांत घोळ झाले, खोटी नावं घुसली, पैसे महिनोन्महिने रखडले, हे सगळं मान्य. तरी मराठवाड्यातली निरक्षर बाई ‘माझे इतके दिवस भरले, माझे पैसे आले नाहीत’ असं तहसीलदाराला जाऊन सांगू शकली, ती त्या एका ओळीच्या बळावर. तीच बाई दिवाळीनंतर उसाला गेली की तिच्यापाशी सांगायला ओळच उरत नाही.

आणि नोंदी ठेवणं जमणार नाही असं कारखान्याने म्हणावं, हे जरा नवलच आहे. कारखान्याकडे प्रत्येक शेतकऱ्याच्या उसाची नोंद असते: गट नंबर, क्षेत्र गुंठ्यांत, लागणीची तारीख, आडसाली की पूर्वहंगामी की खोडवा, जात को 86032 की दुसरी कुठली. त्यावरून तोडणीचा क्रम लागतो. गाडी आली की काट्यावर वजन होतं, पावती निघते, कुणाच्या शेतातला किती ऊस ते लगेच संगणकात चढतं. भावाभावांनी वाटणी करून नोंद वेगळी लावली की बिलंही वेगळी निघतात. उसाच्या किमतीसाठी 1966 चा ऊस नियंत्रण आदेश आहे आणि चौदा दिवसांत पैसे शेतकऱ्याला द्यायचे असं त्यात लिहिलेलं आहे. ते थकले तर साखर आयुक्तांच्या दारात आंदोलन होतं, कारण थकले किती आणि कुणाचे हे शेतकरी आणि कारखाना दोघांनाही ठाऊक असतं. तोडणीचा करार पुन्हा होईल, तेव्हा टनामागे किती टक्के वाढ द्यायची यावर रस्सीखेच होईल. काट्याच्या त्याच संगणकात शेतकऱ्याच्या नावाखाली तोडणाऱ्या दोघांची नावं भरायला, आणि 366 चे दोन 183 करायला, एक टक्काही वाढ लागत नाही.